तिला काय विचारायचं होतं

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणतेस आणि दिवसभर शिवणयंत्र पायाने चालवतेस. मग गुडघ्याने करावं तरी काय?

माझं नेहमीचंच चाललंय. आमच्या आरोग्य केंद्रात मंगळवार म्हणजे बाळांच्या वजनाचा दिवस. गेल्या महिन्यात एका मंगळवारी मासळी साफ करण्याच्या शेडमधली एक बाई आली. मुलगी सात महिन्यांची, पण कार्डावरची वजनाची रेघ दोन महिने आडवीच. बाईच्या पिशवीत दुधाची बाटली दिसली. मी ती उचलून उजेडात धरली, तर पलीकडची खिडकी आरपार दिसली. सगळ्या बायकांना दाखवून मी म्हणाले, की बघा, हे दूध नव्हे, पांढरं पाणी. अंगावर पाजायचं सोडून लेकराला हे पाजणाऱ्या आईला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा. दोघीतिघी हसल्या. खरं सांगू? मला बरं वाटलं. एकीच्या निमित्ताने वीसजणी शिकल्या, असं वाटलं.

तिने बाटली पिशवीत ठेवली, मुलीला टोपडं घातलं आणि निघून गेली. त्यानंतरचे तीन मंगळवार ती आलेली नाही. मी बोलले ते खरंच होतं ना? मग एवढी चुटपुट का लागावी?

रागवायचं तर रागव, पण लिही.

तुझी
बारकी

१३ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

बोललीस ते खरंच होतं. पण शिवणकाम मी करते आणि कात्री मात्र देवाने तुझ्या तोंडात दिली, त्याला काय करायचं?

तुला बारकी का म्हणतात, ते मी आजवर सांगितलं नाही. तूही सात महिन्यांचीच होतीस. आई कामाला जायची आणि तुला सांभाळायला मी, दहा वर्षांची. आई वाटीत भात कुस्करून ठेवायची. तो भरवायला तास लागायचा आणि बाहेर मैत्रिणींचा खेळ रंगलेला असायचा. भात मी खायची आणि तुला साखरपाणी पाजून निजवायची. महिन्याभरात तुझ्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या.

आईला कळलं. मी मार खायच्या तयारीने कोपऱ्यात उभी राहिले. ती एवढंच म्हणाली, की फार वेळ लागतो ना गं भरवायला? मग तिने मला शेजारी बसवलं. घास बोटावर किती घ्यायचा, तू तोंड फिरवलंस की कसं बोलायचं, सगळं करून दाखवलं. त्यानंतर मी एक घास चोरला नाही. ती रागावली असती, तर मी जास्त लपूनछपून चोरला असता, एवढंच. तुझा बांधा मात्र बारीकच राहिला, आणि कुणी तुला नावाने हाक मारण्याऐवजी बारकी म्हटलं, की मला आजही चटका बसतो.

त्या बाईच्या घरी जा. लगेच जा. काही शिकवू नकोस, नुसती बस.

तुझ्यावर जीव असलेली
ताई

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

उत्तराला उशीर झाला. उद्या जाईन, परवा जाईन, असं करत मी दोन आठवडे घालवले. लाज वाटत होती. काल गेले. घर बंद होतं. शेजारणीने सांगितलं, की मुलगी जाऊन अकरा दिवस झाले. जुलाब लागले होते. तुझ्या पत्रावरची तारीख मी पुन्हा पुन्हा बघते आहे.

मग शेडवर गेले. ती लांब टेबलापाशी उभी होती, बर्फाने बोटं सुजलेली. मला पाहून हातातली सुरी थांबली नाही. ती बोलली ते सगळं मासळीकडे बघत. बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यात ती कामावर आली. टेबल सोडायची परवानगी नव्हती. छाती दुखायची, म्हणून फडकं घट्ट बांधून उभी राहायची. हळूहळू दूध आटलं. पावडरीचा डबा महिनाभर पुरवायचा, म्हणून एका चमच्याचा अर्धा केला.

मी विचारलं, जुलाब लागल्यावर केंद्रात का आली नाहीस? ती म्हणाली, की तुमच्यासमोर पुन्हा उभं राहायचं धैर्य झालं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून औषध आणलं.

आणि ताई, त्या मंगळवारी तिला एक गोष्ट विचारायची होती. सासू म्हणत होती, दात आल्याशिवाय पोरीला अन्न द्यायचं नाही. भात, अंडं कुस्करून दिलं तर चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. सकाळभराची रजा काढून ती तेवढ्यासाठी आली होती. चालेल, एवढा एकच शब्द मला म्हणायचा होता.

बारकी

१० एप्रिल

चि. बारकीस, आशीर्वाद.

तुझी समजूत घालणारी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. तुझं चुकलं. माझंही चुकलं होतं, पण तू जगलीस, म्हणून मला ते आज गोष्टीसारखं सांगता येतं. तुला तसं कधी सांगता येणार नाही.

तिच्याकडे क्षमा मागायला जाऊ नकोस. तिला आधीच पुष्कळ ओझं आहे, त्यात तुझं नको. शेडच्या मालकाकडे जा. तिथे उभं राहून जे करता येईल ते कर. जेवत जा.

ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शेडमधल्या कोपऱ्याला तू शिवलेला पडदा अगदी नेमका बसला. चार महिने मी आणि आमच्या डॉक्टरीणबाई शेडच्या चकरा मारत होतो. मालकाने आधी हसण्यावारी नेलं, मग टाळलं, शेवटी कंटाळून खोकी ठेवायचा एक कोपरा बायकांना बाळाला पाजायला रिकामा करून दिला. आता तिथे दोन बाकं, हात धुवायला नळ आणि झाकणाचे स्वच्छ पेले आहेत. दिवसातून दोनदा वीस मिनिटं सुटी मिळते. सहाजणी येतात. कुणाचं बाळ घरून आणलं जातं, कुणी दूध पेल्यात काढून घरी पाठवतं. त्या बाईचं टेबल पडद्याच्या अगदी समोर आहे. ती दिवसभर तिकडे पाठ करून उभी असते.

मंगळवारी मी आता वजनाआधी आईशी बोलते. त्या दिवशी मी काय केलं, तेही सगळ्या बायकांना सांगितलं. काहीजणी त्यानंतर माझ्याशी जरा जपूनच बोलतात. ते बरोबरच आहे.

काल ती बाई केंद्रात आली. बरोबर शेडमधली एक नवी, घाबरलेली पोरसवदा आई होती, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. त्या पोरीला तिने माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाली, की हिला काय विचारायचंय, ते सगळं ऐकून घ्या. मग बाहेर जाऊन भिंतीपाशी उभी राहिली. त्या पोरीचे प्रश्न संपायला अर्धा तास लागला. घास किती घट्ट असावा, अंडं कधी द्यावं, तोंड फिरवलं तर काय करावं. मी बोटावर घेऊन दाखवलं.

ती पोर निघाली, तेव्हा ती बाई दारापर्यंत आली. बाळाचं वजन किती भरलं, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं. तिने बाळाची पावलं दोन्ही हातांत धरली, जरा वेळ धरूनच ठेवली आणि मग कामाची वेळ झाली म्हणून निघून गेली.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
बारकी