जुन्या मापाचा फ्रॉक

चिमणे,

सरकारविरुद्ध बोललो आणि उमेदीची सगळी वर्षं तुरुंगात गेली. आता सत्कारात लोक विचारतात, "मास्तर, एवढं मनोबल आणलंत कुठून?" मी नुसता हसतो. शिंप्याचे हात रिकामे बसेनात, म्हणून कोठडीत रोज मनातल्या मनात तुझा फ्रॉक शिवायचो. बस्स, तेवढंच मनोबल.

सुटल्यावर तू भेटायला येणार कळलं आणि तोच फ्रॉक खराखुरा शिवून ठेवला. हातांना जुनंच माप पाठ होतं! तू हसलीस, "बाबा, हिला होईल," म्हणत लेकीला घालून पाहिलास. तिलाही आखूड झाला.

मान वर करवेना. हे पत्रही टाकवणार नाही. मी टिकलो गं, पण त्यासाठी तुला एक दिवसही मोठं होऊ दिलं नाही.

टेप गळ्यात घालून बसलेला,
तुझा बाबा