दोन घरचा लाडू

मुलुंड,
२० नोव्हेंबर १९५६

सौ. वनमालाबाई विहीणबाई यांस,
सौ. जानकीचा स.न.वि.वि.

आमच्या अनंतबरोबर पाठवलेला डबा पोचला. ऑफिस सुटल्यावर तो परस्पर अंधेरीला बहिणीला भेटून आला, तेव्हा तुम्ही तो त्याच्या हाती दिलात. डबा आमचाच. दिवाळसणाला उत्तरा आणि जावईबापू आले होते, तेव्हा निघताना फराळ भरून दिला होता तोच. तुम्ही तो रिकामा परत केला नाहीत, ह्याबद्दल आभार मानावेत की काय, ह्याच विचारात मी आहे.

उघडला तर आत लाडू. घरच्यांनी एकेक उचलला, छान म्हणाले. मी आपला मोडून पाहिला, तर आत खसखस आणि तळलेल्या पारीचे तुकडे! अहो, आमच्या करंजीच्या सारणात खसखस असते, ती काय मी ओळखणार नाही? लेकीचा पहिला दिवाळसण म्हणून गुडघे धरून बसेपर्यंत करंज्या लाटल्या होत्या. त्या तुम्हाला रुचल्या नाहीत तर तसं सांगायचं होतंत. कुटून, लाडू वळून आमचंच शिळं आमच्याच माथी मारलंत, हे मला मुळीच आवडलं नाही. मी मनात ठेवणाऱ्यातली नाही, म्हणून लिहून टाकलं.

आता मुख्य काम. उत्तराचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला हवं. पहिली संक्रांत तुमच्याकडे होऊ दे, हलव्याचे दागिने तुम्हीच घाला. पण आठवा लागायच्या आत तिला इकडे पाठवा. मागच्या खोलीला मी चुना लावून घेतला आहे आणि बाळंतिणीची खाटही विणून आणली आहे.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

आपली,
सौ. जानकी


अंधेरी,
२६ नोव्हेंबर १९५६

सौ. जानकीबाई यांस,
सौ. वनमालाचा नमस्कार.

पत्र पोचलं. लाडवांत आपल्या करंज्या होत्या हे खरं. आपण तेवढंच ओळखलंत, ठीक आहे. यापुढे डबा घासूनपुसून रिकामाच पाठवत जाईन, म्हणजे कोणाला काही मोडून पाहायला नको.

उत्तराची तब्येत चांगली आहे. तिला अशा दिवसांत दादरला गाडी बदलून, धक्के खात मुलुंडपर्यंत पाठवणं मला धोक्याचं वाटतं. इथे स्टेशनजवळ चांगलं प्रसूतिगृह आहे आणि तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या आहेत. तेव्हा बाळंतपण इथेच करायचं ठरवलं आहे. आपण बारशाला अवश्य यावं.

कळावे.

सौ. वनमाला


अंधेरी,
१ डिसेंबर १९५६

ती. सौ. आईस,
उत्तराचा शि.सा.न.वि.वि.

आई, काय गं हे करून बसलीस! तुझं पत्र सासूबाईंनी माझ्यासमोरच वाचलं, घडी घातली आणि तांदूळ निवडायला बसल्या. तासाभराने वर बघून एवढंच म्हणाल्या, की बाळंतपण इथेच होईल. वाट लावलीस बघ माझी.

आता नीट ऐक. सासूबाईंच्या माहेरी, चौलला, एक पद्धत आहे. नवी सून घरात आली की तिच्या पहिल्या दिवाळीला दोन्ही घरच्या फराळातलं शेवटचं उरलेलं राखून ठेवायचं, एकत्र कुटायचं, तुपावर परतायचं आणि त्याचे लाडू वळायचे. निम्मे आपल्याला, निम्मे व्याह्यांना. तुझ्या शेवटच्या सहा करंज्या त्यांनी कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. ह्यांनी एक मागितली तर ह्यांच्या हातावर चापट बसली, एवढ्या मोठ्या ऑफिसरच्या! तुला काही टाकून दिलेलं सोसत नाही, हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. त्यामुळे तुला हा लाडू फार आवडेल असं त्या दोन दिवस मला सांगत होत्या.

आणि ती खसखस! आई, यंदा तुझ्या सारणात खसखस होती का गं? वाण्याकडे मिळाली नाही म्हणून तू सुकं खोबरं वाढवलंस, आणि ते मीच तुला किसून दिलं. ती खसखस सासूबाईंच्या अनारशांवरची. तू त्यांचा अनारसा हातात धरून त्यांनाच रागावलीस.

तुझं पत्र आल्यावर सासूबाई आमच्याकडचे लाडू कामाच्या बाईला देऊन टाकणार होत्या. मी चार लपवले आणि मोरीत उभी राहून खाल्ले. हल्ली जेवण जात नाही, पण ह्या लाडवावर नुसता जीव जडलाय. बाळालाही दोन्ही घरचं हवं असेल.

मला तुझ्याकडे यायचंय गं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण मला भीती वाटते आणि त्या वेळी मला तूच जवळ हवीस. पण सासूबाईंना दुखवून मी येणार नाही. सकाळी मला मळमळतं म्हणून त्या माझ्या आधी उठून चूल पेटवतात. तेव्हा आता जे काय करायचं ते तूच कर.

बाबांना नमस्कार. अनंतला म्हणावं, लाडू आणून भांडण लावलंस.

तुझी,
उत्तरा


मुलुंड,
१८ डिसेंबर १९५६

सौ. वनमालाबाई यांस,
सौ. जानकीचा कृ.सा.न.वि.वि.

तुम्हाला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही, आमच्या घरातलं कोणीही सांगेल. म्हणून अनंतबरोबर पत्रापेक्षा डबाच पाठवते आहे.

डब्यात पुरणपोळ्या आहेत. काल दत्तजयंतीच्या नैवेद्याला केल्या होत्या. ताज्या नाहीत, कालच्याच आहेत, आणि मुद्दाम कालच्या ठेवल्या. पाहुण्यांच्या पानात आम्ही गरम पोळी वाढतो, वर तुपाची धार. पण खरी चव दुसऱ्या दिवशी. ती पोळी तव्यावर तूप सोडून खरपूस करायची, आणि पानबिन न घेता स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या खायची. हे आम्ही घरचेच खातो. बाहेरच्या माणसाला आजवर कधी दिलं नाही. तुम्हीही तशीच खाऊन बघा.

लाडवांचं सांगायचं तर, मी रागाने डबा फळीवर टाकला होता. उत्तराचं पत्र आलं तेव्हा खाली काढला, तर आत एकच लाडू! आमचे हे रोज एकेक उडवत होते आणि मला चकार शब्द बोलले नाहीत. उरलेला तो एक मी खाल्ला. अनारसा सुरेख जमलाय हो तुमचा. माझा तेलात हमखास विरघळतो. आणि खसखशीचं म्हणाल तर मला मेलीला लाज वाटते, आणखी काय लिहू?

उत्तराला पाठवा असं पुन्हा म्हणत नाही. तुम्ही तिच्याआधी उठता हे तिने कळवलंय. एवढं जपणाऱ्या बाईशी मी हट्ट कशाच्या जोरावर करू? मागची खोली आहे तशीच आहे. खाटेवर मी काही ठेवू देत नाही, एवढंच.

राग गेला असेल तर लोभ करा. नसेल गेला, तर आधी पोळी खा.

तुमची,
जानकी


अंधेरी,
१६ जानेवारी १९५७

सौ. जानकीबाईंना,
वनमालाचा स.न.वि.वि.

उत्तर लिहायला उशीर झाला. आधी राग होता, मग राग गेल्याचं कबूल करायचा कंटाळा. पोळ्या त्याच दिवशी संपल्या. तुम्ही सांगितलंत तशीच तव्यापाशी उभी राहून मी पहिली खाल्ली. तुमचा जावई श्यामसुंदर स्वयंपाकघरात आला आणि आईला असं खाताना कधी पाहिलं नव्हतं म्हणाला. त्यालाही तिथेच एक दिली, मग उत्तराला, मग सगळेच पाटावर न बसता जेवलो.

परवा संक्रांत झाली. उत्तरा काळी चंद्रकळा नेसली होती, अंगावर हलव्याचे दागिने. फार गोड दिसत होती. तुम्ही पाहायला हव्या होतात, असं मला मनापासून वाटलं. माझ्या गुळपोळ्या यंदा निम्म्या मोडल्या. टाकल्या मात्र नाहीत.

सूनबाई काही मागत नाही. पण मुलुंडचं नाव निघालं की हातातलं काम थांबतं, ते मला दिसतं. माझंही पहिलं बाळंतपण माहेरीच झालं होतं. तेव्हा येत्या रविवारी, आठवा लागायच्या आत, मी स्वतः तिला घेऊन येते. डॉक्टरीणबाईंना विचारलं, दुपारच्या रिकाम्या गाडीने हरकत नाही म्हणाल्या. श्यामसुंदर सोबत आहेच. मोडक्या गुळपोळ्यांचे लाडू केले आहेत, ते तुमच्याच डब्यातून आणते. मोडून बघा, तीळ माझे आहेत.

दोन दिवस राहीन म्हणते. तुमच्या त्या खोलीत आणखी एक अंथरूण मावेल ना?

लोभ आहेच. आता भांडण झालं तरी तो कुठे जात नाही.

तुमची,
वनमाला

ता. क. माझ्यासाठी ताजं काही करू नका. मला फोडणीचा भात आवडतो. शनिवारी रात्री भात जरा जास्तच लावा.