साइडकारचं डावं वळण

८ जानेवारी
आधी तब्येती. बायको रुखमाचा डावा पाय — लकव्याचा झटका आल्यापासून तसाच लुळा. सून नूतनला सर्दी. माझा खांदा ठणकतो. मोटरसायकल ठणठणीत, पण तिला डावीकडं जोडलेली साइडकार नव्या नवरीसारखी — सारखी माहेराकडं ओढते!
हरिदास वेल्डरनं ती रुखमासाठीच बसवून दिली. तिला आरमोरीच्या दवाखान्यात पायाच्या व्यायामाला न्यायचं. खंड पडला तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

११ जानेवारी
जन्माची सवय मोडत नाही. वळण आलं की अंग झुकवतो. ही गाडी झुकतच नाही! हँडल दोन्ही हातांनी रेटावं लागतं. रेस दिली की डावीकडं जाते, ब्रेक दाबला की उजवीकडं. घरी आल्यावर भात कालवायलाही हात उठेना.

१९ जानेवारी
रुखमा यायला तयार नाही. 'दोघं उचलून बसवता, दोघं उतरवता. मी का धानाचं पोतं आहो?' किती समजावलं. तोंड भिंतीकडं.

२३ जानेवारी
औषधं आणायला एकटाच गेलो. विहाराजवळच्या डाव्या वळणावर रिकाम्या साइडकारचं चाक हातभर उचललं. गाडी वळायची सोडून समोरच्या बांधावर चढली. शेजारचा देवाजी शेतातून म्हणतो, 'वामनराव, उडून राह्यले का?' हसलो. गाडी ढकलत बांधावरून खाली घेतली.

२४ जानेवारी
रुखमाला खरं ते सांगितलं. उजव्या वळणाला साइडकार आपणच टेकून राहते. डाव्याला तीत कोणी पाहिजे, नाहीतर मी पडतो.
'पोतं ठेवा.'
'पोतं वळणाकडं वाकत नाई. तू वाकतेस.'
मग म्हणाली, 'तुमच्यासाठी बसीन. व्यायामाचं नाव काढाचं नाई.'
पण गाडी थांबते व्यायामाच्याच दारात — मी काय करू!

२० फेब्रुवारी
थकलो.

१२ मार्च
आता 'वळण!' म्हणून ओरडावं लागत नाही. ती आधीच बाहेर झुकते, चाक जमिनीला धरून राहतं. व्यायामवाल्या पोरीनं आज तिला दांडा धरून उभं केलं. घरी सांगायचं नाही, अशी रुखमाची मला ताकीद!

२८ मार्च
खांद्यानं हात टेकले. नूतनला म्हटलं, आजची खेप राहू दे. रुखमाला उचलायला देवाजीला बोलावू नको.

२८ मार्च, तासाभरानं
अंगणात हॉर्न वाजला. बघतो तर रुखमा साइडकारमध्ये बसलेली, रागावलेली. कोणी उचललं, म्हणून नूतनला विचारलं.
'कोणीच नाई, बाबा. भिंत धरून स्वतःच गेल्या.'