कर्ण बरोबर, पाइप आखूड

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामींची तब्येत विचारत नाही, कारण त्या फोनवर सगळं सांगतात (परवा पाऊण तास सांगत होत्या). आमच्याकडे सगळे मजेत. माझं तेवढं विचारू नका, मीच सांगतो.

आमच्या विद्यालयात यंदापासून जोडवर्ग सुरू झाला आहे. म्हणजे अकरावीची मुलं सकाळी गणित शिकतात आणि दुपारी तेच गणित वापरून नळाची जोडणी करतात. कल्पना झकास आहे. सभेत मी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी कागदाचं दुसरं पान वाचलं. वर्गाला शिकवणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या विषयाची परीक्षा द्यायची, तीही एकमेकांकडेच, आणि नापास होईल त्याने वर्ग सोडायचा! मामा, मी बावीस वर्षं अकरावीला गणित शिकवतोय. ती गेली तर माझ्या वाट्याला पाचवीची कवायत येते (माझी ढेरी तुम्ही पाहिली आहेच).

माझे जोडीदार म्हणजे प्लंबिंगचे मिस्त्री. त्यांचा पेपर आधी झाला. एका न्हाणीघराची आकृती देऊन मी विचारलं होतं, जोडणीत पाइप वळवायला एल्बो किती लागतील? त्यांनी लिहिलं, ‘पाच. पण सहा आणा.’ आता गणितात एका प्रश्नाला दोन उत्तरं कशी चालतील? मी दोन गुण कापले, आणि नेमक्या दोनच गुणांनी ते नापास झाले. निकाल अजून कार्यालयात दिलेला नाही, पण त्यांना सांगितला. ‘एखादा फुटतो हो सर, आणि तेव्हाच दुकान बंद असतं,’ एवढंच म्हणाले बिचारे.

काल माझा सराव होता. दोन एल्बोंच्या मध्ये तिरका पाइप बसवायचा. मी आरीला हातही न लावता आधी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, एल्बोच्या तोंडापासून तोंडापर्यंतचा कर्ण तीन दशांश स्थळांपर्यंत काढला आणि मग पाइप कापला. एक टोक बसलं, दुसरं पोहोचेना. गणित तपासलं, अचूक. दुसरा कापला, तोही अचूक आणि तितकाच आखूड. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, पाइप एल्बोच्या पोटातही जातो ना? तेवढा कुणी मोजायचा?’ मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे गदागदा हलत होते. मी चिडून तोच पाइप ओढूनताणून बसवायला गेलो, तर एल्बोच फुटला. दुसरा नव्हता. दुकान बंद होतं.

बाकी सगळं उत्तम. माझी परीक्षा शुक्रवारी आहे.

तुमचा भाचा

ता. क. : हे पत्र काही निव्वळ तुमच्या कंबरेसाठी लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं नळ जोडलेत, गुरुवारी एक दिवस माझ्यावर खर्च करा. येताना सरावासाठी एल्बो आणाल का? मी आकृती काढून नीट मोजले आहेत, पाच लागतील. पण सहा आणा.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी वरचा मजकूर पुन्हा वाचला आणि मुकाट्याने उठून मिस्त्रींची उत्तरपत्रिका कपाटातून बाहेर काढली. पास झाले.