चतुःसीमा : चारही बाजूंस समुद्र

मी, मधुकर गुंडा खोत, वय वर्षे ७३, निवृत्त तलाठी, राहणार इस्लामपूर, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहायला घेतले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचेही दडपण नाही. माझी पत्नी शकुंतला शेजारी बसून शेंगा फोडते आहे आणि मधून मधून "एवढं लांबण कशाला लावताय?" असे विचारते आहे. त्यास दडपण समजू नये.

पुढच्या महिन्यात कराडला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. ते इतक्या वेळा म्हणाले की मला काळजी वाटू लागली. नोकरीत असताना मी पाहिले आहे, बाप जातो आणि भाऊ-भाऊ तलाठ्याच्या टेबलासमोर येऊन एकमेकांकडे न बघता बोलतात. माझे आणि माझ्या भावाचे तसेच झाले आहे, फरक इतकाच की आम्ही बोलतही नाही. ऑपरेशनच्या आधी त्याने एकदा या घरात यावे, ही माझी खरी इच्छा आहे. बाकी मिळकतीची व्यवस्था त्या निमित्ताने करतो.

कलम १. इस्लामपूर येथील राहते घर शकुंतलेच्या हयातीत तिचे. तिच्यामागे मुलगा ऋषिराज याचे. बँकेत जे असेल तेही याच क्रमाने. न्हाणीघराचा नळ ठिबकतो, तो ऋषिराजने दुरुस्त करून घ्यावा. हे मी त्याला तोंडी पुष्कळ वेळा सांगितले आहे. आता लेखी झाले.

कलम २. मळ्यातील गट नंबर २१४ पैकी माझा उत्तरेकडचा हिस्सा ऋषिराजला. तो पुण्यात कंपनीत आहे आणि लांबून त्याला ऊस व मका सारखेच दिसतात, तरी वारस तोच. दक्षिणेकडचा हिस्सा माझा धाकटा भाऊ दादासो याचा. मधल्या बांधावर जांभळाचे झाड होते. वाटणीनंतर सरकारी मोजणी झाली आणि झाड माझ्या बाजूस निघाले. कोणी बोट दाखवू नये म्हणून मोजणीच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून सासुरवाडीला जाऊन बसलो होतो. दादासो फौजेतून सुटीवर आला होता. "भाऊ तलाठी असल्यावर टेपसुदिक त्याच्याच बाजूनं बोलतो," असे तो साऱ्या पंचांदेखत म्हणाला. पुढे वळवाच्या वाऱ्यात झाड पडले, पण भांडण उभेच राहिले. या घराच्या वास्तुशांतीला तो आला नाही आणि त्यानंतरही कधी आला नाही.

याच कलमात हेही नोंदवतो की दादासो बांध कोरतो. नांगरताना तास जरासे आत घेतले की दरसाल बांध बारीक होतो आणि शेजाऱ्याची जमीन गुपचूप आपल्याकडे येते. आमच्या भागात हे सगळे करतात आणि कबूल कोणीच होत नाही. माझा संशय आहे, पुरावा नाही.

कलम ३. जुनी मोजणीची साखळी, खुरपी, सायकल व पंप मारायचा स्टोव्ह, जो मागेल त्याला. कोणी मागेल असे वाटत नाही. लोखंडी शिडी शेजारी सूरज याच्याकडे आहे. ती त्याने दिवाळीला रंग लावायला नेली. कोणत्या दिवाळीला, ते दोघांनाही आठवत नाही. ती त्याला मी तेव्हाच देऊन टाकली होती असे समजावे, म्हणजे मला राग यायचा थांबेल.

कलम ४. बेट. या मिळकतीचा तपशील कोणत्याही दप्तरी नाही, म्हणून तो येथे सविस्तर देतो.

ऋषिराजची मुलगी स्वानंदी सुटीला आली, तेव्हा हातात धरून खेळायचा कन्सोल घेऊन आली. त्यात एक बेट असते. आपण तिथे घर बांधायचे, झाडे लावायची, मासे धरायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करायची. शेजारी सगळे प्राणी असतात. मेंढी फ्रॉक घालते आणि अस्वल व्यायाम करते. कोणी मरत नाही, कोणी कोर्टात जात नाही. मी म्हणालो, मग करायचे काय तिथे? स्वानंदी म्हणाली, "आजोबा, नुसतं राहायचं!"

यंत्राने पहिल्या रहिवाशाचे नाव विचारले. नोकरीच्या सवयीने मी आडनाव आधी लिहिले आणि नाव अर्धे होते न होते तोच जागा संपली. म्हणून तिथे मला सगळे "खोत मधु" म्हणतात. मग बेटाचे नाव विचारले. मिळकतीचे नाव म्हणजे गट नंबर, असे धरून मी "गट २१४" असे लिहून टाकले. हाताला तोच नंबर सवयीचा होता. स्वानंदीने कपाळाला हात लावला. नाव नंतर बदलता येत नाही. आता रोज सकाळी एक बदक इंग्रजीतून "गट २१४ च्या सर्व रहिवाशांना सुप्रभात" अशी दवंडी देते.

सदर मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस समुद्र. सगळ्या नोकरीत अशी निर्वेध मिळकत मी पाहिली नव्हती. लगतचा खातेदारच नाही, तेव्हा बांधाचा तंटा उद्भवणार नाही, अशी माझी समजूत झाली.

मग स्वानंदी कन्सोल घेऊन मळ्यात दादासोच्या घरी गेली आणि तिने धाकट्या आजोबांनाही बेटावर घर बांधून दिले, तेही माझ्या घराला लागून. आम्ही बोलत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सुटी संपल्यावर तिला पुण्यात नवीन कन्सोल मिळाला आणि हा इकडेच राहिला. दादासोची सून संयोगिता इस्लामपुरात नर्स आहे. तिने आमच्याकडे येणे कधीच बंद केले नाही. ती शनिवारी डब्याच्या पिशवीत घालून कन्सोल मळ्यात नेते आणि सोमवारी आणून देते. अशा रीतीने आम्ही दोघे भाऊ एकाच बेटावर शेजारी राहतो आणि कधी भेटत नाही.

दादासोने आल्या आल्या दोन घरांच्या मध्ये कुंपण घातले. हद्द असावी, माझी हरकत नव्हती. पण एका सोमवारी पाहतो तर कुंपण एक चौकोन माझ्याकडे सरकलेले. मी ते मागे नेले. पुढच्या सोमवारी पुन्हा पुढे. ज्या जमिनीत ऊस येत नाही, जी विकता येत नाही, जी मुळात जमीनच नाही, तिचा बांध माझ्या भावाने कोरला. मला संताप आला आणि त्याच वेळी हसूही आले. शकुंतलेला सांगितले तर ती म्हणाली, "भावजी बदलले नाहीत म्हणायचे."

बेटावर सूचना फलक आहे. त्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिता येते. मी लिहिले, "कुंपण पूर्ववत करावे." उत्तर आले, "कुंपण हाय तिथंच हाय. तुमचं घर सरकलंय." घर सरकत नाही. मी लिहिले, "अर्ज मिळाला. चौकशी चालू आहे." सोमवारी माझ्या दारात नाशपातींची रास होती. कुंपण अर्थात सरकलेले होते. जांभळाच्या भांडणानंतर त्याने मला लिहिलेले हे पहिले शब्द. भांडत होतो, पण बोलत होतो. मला फार बरे वाटायचे आणि मी सोमवारची वाट पाहू लागलो.

गेल्या गणपतीत मला झटका आला. आधी सांगलीचा दवाखाना, मग घरी पडून राहणे, असा महिना गेला. तेवढे दिवस कन्सोल मळ्यातच होता. दादासो मला बघायला आला नाही. मी मनात म्हणालो, आता कुंपण माझ्या उंबऱ्याला टेकले असणार, त्याला सगळे रान मोकळे होते. पुढे कन्सोल हातात आला तेव्हा आधी तेच पाहिले. कुंपण जिथल्या तिथे होते. माझ्या दारातले गवत उपटलेले होते, फुलांना पाणी घातलेले होते, आणि फ्रॉकवाली मेंढी म्हणाली की दादासो रोज तुमच्या दाराशी येऊन उभे राहत होते.

मी आजारी असताना माझ्या भावाने बांध कोरला नाही. मला रडू आले. शकुंतलेने विचारले, काय झाले? मी म्हणालो, कुंपण सरकलेले नाही. तिने चहा टाकला.

कलम ५. सबब सदर बेट, कन्सोल व चार्जरसह, माझ्यामागे दादासो गुंडा खोत याला द्यावे.

ऋषिराजचे म्हणणे, "बाबा, रिसेट मारला की नवीन बेट मिळतं." त्याला बजावतो की पहिल्या रहिवाशाचे नाव पुसले की सगळे बेट पुसले जाते, शेजाऱ्याच्या घरासकट. म्हणून माझे नाव कोणी काढू नये. त्या राज्यात वारसनोंद ही पद्धतच नाही. मी शोध शोध शोधली. सबब दादासोने गरजेप्रमाणे "खोत मधु" या नावानेही बेटावर वावरावे. पूल बांधायचा अधिकार फक्त त्या नावाला आहे. माझी टोपी घालावी लागेल, त्याला इलाज नाही.

कलम ६. सर्व व्यवस्था शकुंतलेने पाहावी. तिचा निर्णय अखेरचा, जसा तो आजवर होता.

जादा मजकूर. वरील कागद वकिलांना दाखवला. ते म्हणाले, दोन साक्षीदार समक्ष लागतील, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे शंका निघते. मी तीन दिवस विचार केला. मी गेल्यावर त्याला बेट मिळावे हे मला हवे होते. पण मी असताना तो दारात यावा, हे त्याहून जास्त हवे होते. कन्सोल शनिवारी मळ्यात जायच्या आधी मी फलकावर लिहिले, "मृत्युपत्र केले आहे. बेट तुला दिले आहे. साक्षीदारही तूच हवा आहेस. दोन्ही होत नाही म्हणतात. काय ते कळव. मधु."

सोमवार उजाडला. संयोगिता आली, पिशवी ठेवली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने थांबली. तिला वाचून पाहायचे होते, हे मला कळले. फलकावर होते, "बेट संयोगिताच्या नावावर करा. सहीला मी येतो."

सबब कलम ५ मधील दादासोचे नाव मी स्वतः खोडले असून तेथे सौ. संयोगिता असे वाचावे. शनिवारी व रविवारी तिने कन्सोल सासऱ्यांना द्यावा. खाडाखोडीवर माझी सही आहे.

आज रविवारी दादासो आला. पायरीवर उभा राहून म्हणाला, "आण्णा, आत येऊ का? न्हाईतर म्हणशीला, हद्द वलांडली."

मी म्हणालो, "ये. इथली मोजणी झालेली नाही."

शकुंतलेने "भावजी, बसा की" म्हटले, तरी त्याने हा सगळा कागद उभ्यानेच वाचला. चष्मा विसरला होता, माझा लावला. बेटावर त्याचे केस काळेभोर आहेत. इथे तो म्हातारा झाला आहे, हे मला आज दिसले.

वाचून झाल्यावर म्हणाला, "ह्यात जांभळाचं समदं खोटं लिवलंय."

"साक्षीदार मजकुराला नसतो. मी सही केलेली तू पाहिलीस, एवढ्यालाच असतो."

"मग करतो. पर जांभूळ माजंच व्हतं. आन् बांध म्या कोरला न्हाई."

"कुठला?"

"दोन्ही."

मग तो बसला. शकुंतला आत जाऊन डोळे पुसून आली आणि शेंगा आणल्या. दादासोने ऑपरेशनची तारीख विचारली. मी सांगितली. तो बराच वेळ शेंगा फोडत राहिला, खाल्ल्या मात्र नाहीत.

हा माझा शेवटचा कागद. या आधी कुठे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे. सगळा मजकूर मी पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

ठिकाण : इस्लामपूर
दिनांक : १४ जानेवारी २०२४

(सही) मधुकर गुंडा खोत

साक्षीदार :

१) (सही) सूरज विलास कुंभार, रा. इस्लामपूर
नाते : शेजारी

२) (सही) दादासो गुंडा खोत, माजी हवालदार, रा. मळा
नाते (साक्षीदाराने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे) : सख्खा भाऊ. कराडला दवाखान्यात आण्णाच्या संगं मी ऱ्हाणार हाय. ऋषिराजला रजा काढाय लावू नका.