स्पर्धक क्रमांक एक्केचाळीस

आंदर मावळ,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

प्रितमदादा यास,
अमृताचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आज शाळेत रमाईंची जयंती केली. पोरींनी भाषणं केली, एकीला मधेच रडू फुटलं. आईचा गुडघा अजून धरलेलाच आहे. यंदा इंद्रायणी तांदळाला वास छान आहे. मामाने तुझ्यासाठी तांदळाची पिशवी भरून ठेवली आहे. मामा म्हणजे तुझे वडील, आठवतात ना?

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून.

तुझं पुस्तक पाहिलं. मागच्या महिन्यात प्रशिक्षणाला तुझ्या लोणावळ्याला आले होते, तेव्हा स्टँडजवळच्या दुकानात काचेमागे उभं केलेलं दिसलं. 'विद्यार्थ्यांसाठी सहाशे प्रगत इंग्रजी शब्द'. वर तुझा कोटातला फोटो. आत लिहिलंय की प्रत्येक शब्द आयुष्यातल्या खऱ्या प्रसंगाशी जोडायचा, ही पद्धत तुला अनेक वर्षांच्या चिंतनातून सुचली. चिंतन! दादा, हसावं की तुझ्या कानाखाली वाजवावी, हेच मला कळेना.

तू विसरला असशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. चार वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेला तू प्रेरणाला घेऊन आलास. ती तेव्हा पाच वर्षांची. आजोबांना इंग्रजीत काहीबाही विचारत राहिली आणि मामा नुसता मान हलवून हसत राहिला. निघताना तू म्हणालास, "पुढच्या रविवारी अकराच्या गाडीने येतो." दुसऱ्या दिवशी मामा माझ्या दारात उभा. "अमू, मला इंग्रजी शिकव. नात बोलती आन मी येड्यावानी बघतो." सदुसष्ट वर्षांचा माणूस, चौथी पास.

गावातल्या लग्नांच्या पत्रिका वाटायचं काम मामाकडेच असतं. उरलेल्या पत्रिका त्याच्याकडे साठलेल्या. आम्ही एकेका पत्रिकेचे चार तुकडे करायचो आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहायचो. अवघडच शब्द हवेत, असा त्याचा हट्ट. "सोपं तर तिला येत्यातच की." शब्द मी काढायचे आणि वाक्य मामा सांगायचा, गावातल्याच कुणाचं तरी. रिलक्टंट म्हणजे भामाबाईची म्हैस, ओढ्यात पाय घालायला तयार नसणारी. टिनॅशियस म्हणजे चिमाबाई, पेन्शनच्या कागदावर शिक्का मिळेपर्यंत वर्षभर वडगावला खेटे घालणारी. मेटिक्युलस म्हणजे अंबाजी, दोरी धरून भात लावणारा. मग मी ते शब्द वर्गातही काढायला लागले. इंग्रजीच्या तासाला ज्यांच्या पोटात दुखायचं, ती माझी पोरं एकमेकांना रिलक्टंट म्हणून चिडवायला लागली.

वर्षभरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरला. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला तू एकटाच आलास, डबा चाळलास आणि "झेरॉक्स काढून परत देतो" म्हणून घेऊन गेलास. मी नको म्हणत होते. मामाच म्हणाला, "घिऊ दे की गं. त्याच्या क्लासच्या पोरांच्या कामाला यील. मला समदं पाठ हाय." त्यानंतर डबाही आला नाही आणि तूही नाहीस.

बरं, चोरी केलीस ती केलीस, जरा अक्कल लावून तरी करायचीस. नावं तेवढी बदललीस. भामाबाईची तू मिसेस कपूर केलीस आणि म्हैस तशीच ठेवलीस! आता लोणावळ्याची पोरं घोकतायत की मिसेस कपूरची म्हैस ओढ्यात उतरत नाही. अंबाजीचा जॉर्ज झाला, आणि हा जॉर्ज दोरी धरून भात लावतोय. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा पोरं बाकावरून पडायची राहिली. मीसुद्धा हसले. सत्त्याऐंशीव्या पानापर्यंत हसत होते.

त्या पानावर फॉरलॉर्न आहे. वाट बघून बघून एकटा पडलेला. याचं वाक्य काय लिहू, असं मी मामाला विचारलं होतं. तो म्हणाला, "ल्ही. भिकाजी दर ऐतवारी अकराच्या गाडीला फाट्याव जातो आन एकलाच माघारी येतो." मी लिहिलं. कार्ड त्याने स्वतः डब्यात ठेवलं.

तुझ्या पुस्तकात तिथे रॉबर्ट आहे. रॉबर्ट दर रविवारी अकराच्या एसटीला जातो. म्हणजे तू ते कार्ड वाचलंस. हातात धरून वाचलंस. इतके दिवस मी मनाची समजूत घालायचे की दादाला माहीत नसेल, त्याच्या रविवारच्या बॅच असतात. तुला माहीत होतं. बापाचं नाव खोडून तू तिथे रॉबर्ट लिहिलंस, आणि तरी पुढच्या रविवारी आला नाहीस. शब्दांची चोरी मी कधीतरी पोटात घातली असती. हे नाही घालणार.

माझाही एक गुन्हा आहे, तो सांगून टाकते. मामा अजून फाट्यावर जातो ते माझ्यामुळे. "दादाचा फोन आला होता, येत्या रविवारी बघतो म्हणाला," असं मी त्याला सांगते. पहिल्यांदा त्याला बरं वाटावं म्हणून बोलले. नंतर थांबवायचं कसं तेच कळेना. तुझं खोटं मी तीन वर्षं चालवलं. स्वतःचा फार राग येतो मला, आणि तो रागही मी तुझ्यावरच काढणार आहे.

आता मुद्द्याचं. सोळा तारखेला, रविवारी, तुझ्या क्लासची शब्दस्पर्धा आहे. फ्लेक्स पार कान्हे फाट्यापर्यंत लागलेत. मुख्य परीक्षक तू. गर्दी व्हावी म्हणून फॉर्मवर 'वयाची अट नाही' असं तूच छापलंस. नियमही तुझाच: स्पर्धकाने पुस्तकातले पाच शब्द स्वतः निवडायचे आणि प्रत्येकाचं वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं सांगायचं.

स्पर्धक क्रमांक एक्केचाळीस, भिकाजी. वय एकाहत्तर. फॉर्म मी भरला, सही त्याची. तुझ्या ऑफिसातल्या मुलीने आडनाव बघून साधं विचारलंही नाही. त्याच्यामागे माझी आठ पोरं आहेत, आणि बघायला भामाबाई, चिमाबाई, अंबाजी. पिकअप ठरवली आहे. आपली नावं कुठे गेली ते माईकवर विचारायचं, असं मी चिमाबाईला सांगून ठेवलंय. ती उत्तर घेतल्याशिवाय खाली बसायची नाही.

मामाला यातलं काही माहीत नाही. पुस्तक मी त्याला दाखवलेलं नाही. त्याला वाटतंय, प्रेरणा समोर बसेल आणि आजोबांना इंग्रजी बोलताना बघेल. शर्ट आत्तापासून इस्त्री करून ठेवलाय. त्याला मी वापरतेय, हे मला कळतं. तरी आणणार आहे. चार शब्द त्याने असेच निवडलेत. पाचवा तुला सांगायला नको. माईकसमोर उभा राहून तो म्हणेल, "भिकाजी गोज टू द बस एव्हरी संडे. ही कम्स बॅक अलोन." आणि वाक्य बरोबर की चूक, ते तुला तुझ्या लेकीसमोर सांगावं लागेल. बरोबर म्हणालास तर तुझा रॉबर्ट कोण ते सगळ्या हॉलला कळेल. चूक म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडाकडे बघून म्हण.

वहिनीला जयभीम सांग. प्रेरणाला पहिल्या रांगेत बसव.

आधी कळवलं असतंस तर मी स्वतः येऊन गेलो असतो, असं तू म्हणशील. म्हणूनच हे पत्र मी उद्या शनिवारी दुपारी टपालात टाकणार आहे. सोमवारच्या आत ते तुला मिळायचं नाही. स्पर्धेच्या आधी एकच रविवार उरला होता, आणि तू हे वाचतोयस तेव्हा तोही गेला. काल अकराच्या गाडीला मामा तांदळाची पिशवी घेऊन फाट्यावर उभा होता.

भिकाजींची भाची,
अमृता