बसलेल्या पाठीला गुडघे नसतात

सोमवार, ४ तारीख
पुन्हा तेच! रिकाम्या डंपरात पहिलाच धोंडा टाकला, तोही म्हशीएवढा! आत मी बसलेय की गोणी ठेवलीय? पोकलेनवाल्याला शंभरदा सांगितलं — आधी बारीक चुरा टाक, मग मोठा दगड. हसतो मेला. "मावशी, डंपर रडत नाही, तुम्हीच रडता!" उतरताना पाय सुन्न. कमरेतून कळ थेट टाचेपर्यंत. आणि सीट कसली दिलीय, फरशी बरी! खाणीच्या मालकाला ऐकवणारच आहे.

घरी हे आडवे. दोन वर्षं आडवेच. जुन्या डंपरला स्प्रिंगची सीटच नव्हती, त्यावर सोळा वर्षं काढली आणि पाठ घालवली. मोठ्या डॉक्टरकडे तपासणीला चला म्हटलं की भिंतीकडे तोंड. मी डंपर शिकले म्हणून घर चाललंय. माझीही पाठ गेली तर?

बुधवार, ६
सकाळी उठताना तोंडातून "आई गं" निघालं. हे पडल्या पडल्या ऐकत होते. एक शब्द नाही. ढिम्म!

शुक्रवार, ८
खाणीवरचा फिटर आला. मी बोलावला नव्हता. "वहिनी, जरा सीट बघतो." सीटखाली हात घातला आणि लाकडाचा ठोकळा ओढून काढला.
"हा कुणी घातला?"
"उंदरानं."

मीच ठोकलाय. पहिल्याच आठवड्यात. मी बुटकी, सीट खाली दबायची, खाणीची कड दिसायची नाही. ठोकळा घातला, कड दिसली, स्वतःलाच शाबासकी दिली! आणि वर्षभर खालची स्प्रिंग जाम करून बसले. वर शिव्या मालकाला.

फिटर रागावला नाही. म्हणाला, "माणूस उभा असला की हादरा गुडघे खातात. बसलेल्या पाठीला गुडघे नसतात वहिनी, सीटची स्प्रिंग हेच तिचे गुडघे. तुम्ही ते बांधून ठेवलेत." इंजिनाची थरथर दिवसभर पाठ दमवते म्हणे. मग दणका बसला की सावरायला जोरच उरत नाही, सगळा मार मणक्यांमधल्या गाद्यांवर. आणि उतरल्यावर लगेच जड उचलायचं नाही, आधी चार पावलं चालायचं. मी तर उतरले की पाण्याचा कॅन उचलते!

सीट खालच्या चौकटीसकट चार बोटं वर बसवली, ठोकळ्याशिवाय कड दिसली. मग स्प्रिंग वजनाला जुळवायची चकती फिरवायला घेतली. "वजन किती?" कमी सांगितलं. त्यानं चकतीवरचा हात काढून घेतला. मग खरं सांगितलं — पाठीसाठी!

सोमवार, ११
सीट हलकेच खालीवर होते. पोकलेनवाल्याकडे आपणहून गेले. म्हटलं, "निम्मी चूक माझी होती बाबा." त्याचं तोंड बघण्यासारखं! आज पहिली बादली चुऱ्याची. देव त्याचं भलं करो.

मंगळवार, १९
कळ टाचेपर्यंत जात नाही. गुडघ्यापर्यंतही नाही!

गुरुवार, २१
दवाखान्यात गेले. "वेळेवर आलात," म्हणाली डॉक्टरीण. "अजून वर्षभर असंच चाललं असतं तर —" पुढचं ऐकलंच नाही, मला घरातली खाट दिसत होती. डंपर चालवा म्हणाली, मधेमधे उतरा, चाला. बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. माझं काम वाचलं!

फिटरला डबा नेऊन दिला. म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? म्हणाला, "माझे कसले? घरी जाऊन माना. मला फोन कुणाचा आला होता?"

शुक्रवार, २२
ह्यांचा! शेजारणीनं सगळं सांगितलं. त्या बुधवारी मी कामावर गेल्यावर भिंतीला धरून शेजारणीच्या दारापर्यंत गेले, फोन मागितला. फिटरला म्हणाले, "ती माझ्यासारखी कण्हायला लागलीय. तिची सीट बघ." आणि मी ह्यांना काय काय बोलले!

आज पाय दाबून दिले, आणि सांगूनही टाकलं — माझी पाठ तुम्ही वाचवलीत, आता तुमची माझ्याकडे द्या. मोठ्या डॉक्टरकडे येणार की नाही? रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. तोंडानं.